बकुळा खारीचा सतरा इंची लॅपटॉप

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना डिझायनर व्हायचं होतं.

त्याच्या आधी सगळ्यांना इंजिनिअर व्हायचं होतं. सगळे झालेही. पण ओढ्यावरचा पूल काही झाला नाही. तेव्हा जंगलाने ठरवलं की पूल नाही तर नाही, निदान पुलाचं चित्र तरी झकास काढू या.

त्या जंगलात अर्जुनाच्या झाडाच्या ढोलीत बकुळा नावाची खार आपल्या आईबरोबर राहायची. बकुळा पानं कुरतडायची. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, सगळ्याच खारी कुरतडतात. हो, पण बाकीच्यांनी कुरतडलं की कचरा व्हायचा आणि बकुळाने कुरतडलं की जाळी व्हायची. पळसाच्या एका पानात तिने ओढ्यातले मासे कोरले होते. ते पान उन्हात धरलं की खाली सावलीत उजेडाचे मासे दिसायचे, आणि वारा आला की ते पोहायचे. एकदा एक बगळा दुपारभर त्या माशांना चोच मारत बसला. मग डोकं दुखतंय म्हणून घरी गेला.

डोंगरापलीकडे अरण्य रचना विद्यालय नावाची मोठी संस्था होती. बकुळाने ते माशांचं पान तिकडे पाठवून दिलं. थोड्या दिवसांनी एक पोपट निरोप घेऊन आला.

"प्रवेश मिळाला आहे. येताना लॅपटॉप आणावा."

"केवढा?" बकुळाने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे स्क्रीन किती इंचाची?"

"ते निरोपात नाही," पोपट म्हणाला. त्याने एक पेरू मागितला, खाल्ला आणि उडून गेला.

बकुळाची आई काळजीत पडली. त्यांच्या घराण्यात आजवर कोणी लॅपटॉप घेतला नव्हता. "जाणत्यांना विचारू," ती म्हणाली. आणि मुलांनो, तिथेच सगळं बिनसलं. कारण जंगलात जाणता नाही असा एकही प्राणी नव्हता.

पहिल्यांदा हत्तीकाका आले. ढोलीत मावत नसल्यामुळे बाहेरूनच बोलले.

"वहिनी, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. सतरा इंचाच्या खाली जाऊ नका. सतरासुद्धा मी नाइलाजाने म्हणतोय. मला विचाराल तर स्क्रीन कशी, नदीवरच्या आभाळाएवढी पाहिजे."

"पण काका, मला तो रोज उचलायचा आहे," बकुळा म्हणाली.

"त्यात काय उचलायचंय? मी आज सकाळीच सागाचं खोड उचललं."

फांदीवरून चाललेली मुंगीमावशी थांबली. "दीड इंच पुरे," ती म्हणाली. "त्याच्यावर नुसती हाव."

"कोण बोललं?" हत्तीकाकांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी दिसलं नाही. चर्चा सतरावर कायम राहिली.

बकुळाला नक्की काय काढायचं आहे, हे मात्र कोणी विचारलं नाही.

शेवटी मायलेकी हुप्पेदादाकडे गेल्या. हुप्पेदादा म्हणजे वानर. तो वडाच्या पारंबीला लटकून नव्या नव्या लॅपटॉपांबद्दल बोलायचा आणि खाली सगळं जंगल जमायचं. लॅपटॉप कोल्हेशेठच्या दुकानातून यायचे. हुप्पेदादाची केळीही तिथूनच यायची. पण तो अगदी निःपक्षपाती आहे असं तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे शंकेला जागा नव्हती.

"हुप्पेदादा, मी खार आहे," बकुळा खालून ओरडली. "झाडावरून जायचं-यायचं आहे. तेरा घेऊ की सतरा?"

"फार छान प्रश्न!" हुप्पेदादा म्हणाला. कोणत्याही प्रश्नाला तो आधी हेच म्हणायचा. "हे बघ बकुळे, तेरा घेतलास तर तू विद्यार्थिनी. पंधरा घेतलास तर तू डिझायनर. आणि सतरा घेतलास, तर तू..."

पुढचा शब्द सुचेना, म्हणून त्याने दोन्ही हात हवेत पसरले. त्याबरोबर पारंबी सुटली आणि तो दाणकन खाली आपटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सतरा इंचाचं इतकं ठाम वर्णन याआधी कोणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी कोल्हेशेठच्या दुकानात गेल्या.

शेठने तीन लॅपटॉप मांडले. बकुळा सरळ तेरा इंचीसमोर जाऊन बसली. पुढचे पाय बटणांवर आले. शेपूट उभी केली तर तिचा शेंडा स्क्रीनच्या वरच्या कडेला टेकला. मान न वळवता सगळं दिसत होतं. जणू तिचं माप घेऊनच कोणी शिवला होता.

"आई, हा."

"न्या की," कोल्हेशेठ म्हणाला. त्याने तो लगेच पुसायलासुद्धा घेतला. "चांगलाच आहे. ज्यांच्या घरची परिस्थिती जरा बेताची असते ना वहिनी, त्या मुली हाच नेतात."

आई गप्प झाली. दुकानात दोन साळुंक्या बसल्या होत्या, त्याही गप्प झाल्या, म्हणजे बघा.

"सतराचा दाखवा," आई म्हणाली.

शेठने सतराचा उघडला. दुकानातला उजेड कमी झाला. बकुळा बटणांवर चढून पाहायला लागली. 'अ'पासून एंटरपर्यंत जायला तिला धावावं लागत होतं.

"व्यायामही होतो," शेठ म्हणाला.

बकुळाला बोलायचं होतं. पण आईची मान एवढी ताठ तिने आजवर कधी पाहिली नव्हती. म्हणून ती बोलली नाही. आईने पावसाळ्यासाठी साठवलेल्या बियांचं गाठोडं शेठच्या पुढ्यात रिकामं केलं, आणि सतरा इंची लॅपटॉप अर्जुनाच्या झाडाखाली आला. झाडाखालीच राहिला, कारण वर कोण नेणार?

निघायच्या दिवशी हत्तीकाकांना बोलावणं धाडलं. काकांची नेमकी कंबर धरली होती. तेव्हा आईने केळीच्या सोपटाची घसरगाडी केली, तिच्यावर लॅपटॉप वेलीने बांधला आणि वेलीचं टोक बकुळाच्या खांद्यावर दिलं.

"स्क्रीनला ओरखडा पडू देऊ नकोस," आई डोळे पुसत म्हणाली.

"आणि मला?"

"तुलाही गं."

खार जमिनीवरून ओढत ओढत शाळेला निघाली आहे, हे दृश्य जंगलाने पहिल्यांदाच पाहिलं. सरडे हसले. गोगलगाय तिच्या पुढे निघून गेली आणि पुढे गेल्यावर मागे वळून बघत राहिली. तिलाही हा अनुभव नवीन होता. वरच्या फांद्या रिकाम्या होत्या. एरवी बकुळा तिथून चार उड्यांत दिसेनाशी झाली असती. आता खांदा सोलवटला होता आणि अजून पहिलं वळणसुद्धा आलं नव्हतं.

वळण आलं. वळणावर करवंदाची जाळी होती. जाळीतून भुऱ्या बाहेर आला.

भुऱ्या हा रानबोका. तो खारींना कधी त्रास द्यायचा नाही, कारण खारी त्याच्या हातीच लागायच्या नाहीत. आज समोर एक खार होती, जमिनीवर, वेलीने बांधलेली.

"वा!" भुऱ्या म्हणाला. "स्वतःहून आलीस. आणि ताटही बरोबर आणलंस?"

बकुळाने वेल दातांनी तोडली. वर जायला जवळ एकही झाड नव्हतं. मग भीतीने दुसरं काही न सुचून तिने लॅपटॉप उघडला आणि स्क्रीनच्या मागे जाऊन दडली. चार्जर तेवढा तिच्या हातात राहिला. तिने डोळे मिटून घेतले. आता पंजा पडेल, मग पडेल.

पंजा काही पडला नाही.

"हा कोण?" पुढून भुऱ्याचा आवाज आला. आवाज एकदम खाली आला होता.

बकुळाने एक डोळा उघडला. लॅपटॉप बंदच होता. काळ्याभोर काचेत भुऱ्या मिशांपासून शेपटीपर्यंत अख्खा उमटला होता.

"तूच आहेस," ती कशीबशी म्हणाली.

"मी? हा मी? एवढा रुबाबदार?" भुऱ्या डावीकडून बघू लागला, मग उजवीकडून. "इतकी वर्षं मी असा दिसत होतो आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"तू दिसलास की सगळे पळतात. सांगणार कधी?"

"पाण्यात बघायचो मी. पण पाण्यात नाक दिसेपर्यंत पाणी हलतं." त्याने डोळे पुसले. "काय हे काम! काय ही नजर! कोणी काढलं?"

बकुळा उत्तर द्यायला थांबली नाही. तो स्वतःला बघण्यात हरवलेला पाहून ती मागच्या मागे धावली, भेटलं ते पहिलं झाड चढली आणि शेंड्यावर जाऊन बसली. खाली भुऱ्याने लॅपटॉप मिटला, पाठीवर घेतला आणि "हे कोणाला तरी दाखवलंच पाहिजे" म्हणत डोंगराच्या दिशेने निघून गेला.

बकुळा खूप रडली. परत जावं तर आईची ती ताठ मान आठवायची. त्या मानेसमोर जाऊन काय सांगणार? शेवटी चार्जर गळ्यात अडकवून ती फांदीवरून फांदीवर उड्या मारत शाळेकडे निघाली. डोंगर कधी संपला तेही तिला कळलं नाही. अंगावर काहीच ओझं नव्हतं. बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून वाईट वाटत होतं.

अरण्य रचना विद्यालयाच्या मोठ्या दालनात पोचून बघते तर काय! मंचावर तिचा लॅपटॉप उघडून ठेवला होता. बाजूला भुऱ्या बसला होता. आणि समोर विद्यालयाचे प्राचार्य मयूरपंत पूर्ण पिसारा फुलवून गोल गोल फिरत होते.

"असं काम मी आयुष्यात पाहिलं नाही," मयूरपंत म्हणत होते. "काय ती मान! काय तो डौल! रंग जरा गडद आहेत. पण तीच तर परिपक्वता! सर, आपण आमच्याकडे शिकवायला याल का?"

भुऱ्याला आजवर कोणी सर म्हटलं नव्हतं. दगड मारणारे पुष्कळ भेटले होते. तो लाजला. "बघू," तो म्हणाला. आणि तिथल्या तिथे त्याचा भुरेसर झाला.

मग विद्यार्थी एकेक करून पुढे आले. सांबर आलं, बघून म्हणालं, "किती भव्य शिंगं!" रानडुक्कर आलं, बघून म्हणालं, "यात मातीचा खरा वास आहे." सायाळीला तर हुंदका फुटला. "मला समजून घेणारं डिझाइन मी पहिल्यांदा बघतेय," ती म्हणाली.

बकुळा धीर करून मंचावर चढली.

"प्राचार्य, हा लॅपटॉप माझा आहे. आणि तो बंद आहे."

भुरेसरांनी नखं बाहेर काढली, पण प्राचार्यांसमोर ती वापरावीत की नाही हे नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांना ठरवता येईना.

"पुरावा?" मयूरपंतांनी विचारलं.

बकुळाने बटण दाबलं. स्क्रीन उजळली. तिने इकडून तिकडे धावत आपला पासवर्ड टाकला. समोर हिरव्यागार डोंगराचं चित्र उघडलं.

"अरे!" मयूरपंत किंचाळले. "ते चित्र कुठे गेलं?"

"ते चित्र नव्हतं, सर. ते तुम्ही होता."

"तेच विचारतोय मी! मी कुठे गेलो?"

"हे काय, डोंगर?" रानडुक्कर वैतागून म्हणालं. "डोंगर तर बाहेर पडलेत ढिगाने." सायाळीचे काटे उभे राहिले. "बंद करा!" मागून कोणीतरी ओरडलं. "आधी ते बंद करा!"

एवढे सगळे ओरडल्यावर बकुळाने बटण दाबलं. काच पुन्हा काळी झाली. मयूरपंत पुन्हा काचेत आले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

"मुली," मयूरपंत जरा शांत झाल्यावर म्हणाले, "तू एका उत्तम कलाकृतीची नासाडी करत होतीस. नवीन आहेस म्हणून सोडतो. तुझा लॅपटॉप कुठे आहे?"

"हाच तर माझा."

"हा तुझा?" त्यांनी काचेत निरखून पाहिलं. "यात तू कुठे दिसतेस?"

ती दिसत नव्हती. ती कडेला उभी होती.

त्या दिवसापासून बकुळा खिडकीबाहेरच्या फांदीवर बसून शिकू लागली. लॅपटॉप नसलेल्यांना आत बसायची परवानगी नव्हती. आत भुरेसर 'निरीक्षण' हा विषय शिकवायचे. म्हणजे ते काचेत निरीक्षण करायचे आणि विद्यार्थी आपली पाळी यायची वाट बघायचे. तेरा इंची लॅपटॉप आणलेल्या मुलांचे फार हाल झाले. सांबराच्या काचेत एकच शिंग मावायचं. त्याला न्यूनगंड आला. मग आईवडील कोल्हेशेठकडे धावले आणि सगळ्यांनी सतराचे घेतले. अधूनमधून एखादा लठ्ठसा ससा वर्गातून नाहीसा व्हायचा. पण भुरेसरांच्या तासाला जागा मिळवायला एवढी झुंबड असायची की रिकामी झालेली जागा कोणाच्या लक्षात यायची नाही.

बकुळा पानं कुरतडत राहिली. दुसरं काही करायला तिच्याकडे नव्हतंच. दात तेच होते, पण हात बसत गेला. आधी नुसते मासे व्हायचे. आता माशांच्या खालचं पाणीही दिसायला लागलं.

वर्षाच्या शेवटी प्रदर्शन भरलं. बकुळाने सागाचं एक मोठं पान निवडलं आणि त्यात अर्जुनाचं झाड कोरलं. झाडात ढोली, ढोलीत बिया निवडत बसलेली आई. ते तिने पश्चिमेच्या खिडकीत टांगलं. दुपार कलली की जमिनीवर उजेडाची आई उमटणार होती. बकुळाला दुसऱ्या कोणाशी कर्तव्य नव्हतं. खरी आई येणार होती, तिने ते बघावं, मग लॅपटॉपचं काय झालं ते सांगून टाकावं, असं तिने ठरवलं होतं.

दुपार कलली. आई आली. पण दारातच रांग होती, म्हणून ती रांगेत उभी राहिली. रांग होती सतरा इंची काचेची.

बकुळा गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचली, तेव्हा आई काचेसमोर उभी होती.

"बकुळे," ती हळूच म्हणाली. "मला काढलंस?"

बकुळाने आधी आईकडे पाहिलं, मग काचेकडे.

"अगदी हुबेहूब गं. नाकावरचा पांढरा केससुद्धा. डोळ्यांखाली केवढं काळं झालंय माझ्या... कोण एवढं बघतं?" आईने काचेला पंजा लावला आणि लगेच काढून घेतला, डाग पडेल म्हणून. "मी म्हटलं नव्हतं, मोठाच घ्यावा? छोट्यात मी अशी अख्खी मावले नसते."

बकुळाने खिडकीकडे पाहिलं. पान तिथे नव्हतं. खाली एक पाहुणा ससा देठ चघळत उभा होता. "नाश्ता छान होता," तो म्हणाला. "भोकं जरा जास्त होती, पण चव चांगली."

बकुळाच्या कामाला वर्षभरात मिळालेला तेवढाच अभिप्राय.

"तूच काढलंस ना?" आईने पुन्हा विचारलं. मान ताठ होती. दुकानात होती तशी नाही. ही वेगळीच होती, खुशीतली.

"हो आई," बकुळा म्हणाली. "मीच."

सुवर्णपदक भुरेसरांच्या काचेला मिळालं. मयूरपंतांनी ते काचेसमोर धरलं आणि काचेतल्या मोराने नम्रपणे स्वीकारलं. आईने पंजे दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. बक्षीस सरांच्या नावावर का गेलं, असं तिने विचारलं तेव्हा बकुळाने सांगितलं की मोठ्या संस्थांत अशीच पद्धत असते. आईला ते लगेच पटलं.

भुरेसर आता दुसऱ्या जंगलांतही व्याख्यानं देतात. जाताना तुरळक असलेली सशांची वस्ती येताना आणखी तुरळक झालेली असते.

बकुळा जेमतेम पास झाली आणि झाडांवरून उड्या मारत आईबरोबर घरी परतली. हल्ली ती सुगरणींच्या घरट्यांना पानांच्या जाळीचे पडदे करून देते. पिल्लांच्या अंगावर उजेडाचे मासे फिरतात आणि पिल्लं किलबिलाट थांबवून बघत राहतात. सुगरणी नाकं मुरडत मुरडत पुढच्या वर्षीचीही मागणी नोंदवून जातात.

दर उन्हाळ्यात मुलं तिच्याकडे विचारायला येतात. "ताई, डिझाइनला चाललोय. किती इंचाचा घेऊ?"

"आपल्याला पेलेल तेवढा," बकुळा सांगते. "आणि घेतल्यावर चालू करा."

मुलं तिचे मनापासून आभार मानतात आणि सतरा इंची घ्यायला जातात.

तात्पर्य : लॅपटॉप घेताना स्क्रीन शक्य तितकी मोठी घ्यावी. बघणाऱ्याचं अख्खं तोंड तिच्यात मावलं पाहिजे. तो चालू होतो की नाही, हे दुकानात तपासत बसून स्वतःचं शैक्षणिक नुकसान करून घेऊ नये.